बेसला स्ट्रॅपलॉक बसवताना: आधी स्क्रू बघा, मग लॉक

लॉक लागलेलंच होतं. मित्राचा पाच तारांचा बेस, म्हणजे बेस गिटार, जमिनीवर आडवा, त्याच्या खांद्यावर नुसता स्ट्रॅप, आणि स्ट्रॅपच्या खालच्या टोकाला लोंबकळणारं चकचकीत स्ट्रॅपलॉक, म्हणजे बेसवरून स्ट्रॅप निसटू नये म्हणून लावायचं लॉक. लॉकमध्ये बटण (स्ट्रॅप अडकवायला बॉडीवर स्क्रूनं बसवलेली गुंडी) घट्ट अडकलेलं, बटणातून इंचभर स्क्रू बाहेर डोकावतोय आणि स्क्रूच्या आट्यांत पिवळसर भुसा भरलाय. लॉकनं आपलं काम चोख केलं होतं. सुटला तो लाकडातला स्क्रू. नवं लॉक बसवताना त्यानं जुनंच सैल भोक वापरलं होतं आणि ‘फिरतोय थोडा, पण चालेल’ म्हणून पुढे गेला होता.

स्ट्रॅपलॉक कुठलं घ्यावं, असं कुणी विचारलं की मला तो भुसाच आठवतो. बहुतेक चर्चा ह्या कंपनीचं चांगलं की त्या कंपनीचं, एवढ्यावरच संपते. खरं तर बेस तुमच्या अंगावर तीन जोडांच्या भरवशावर लटकत असतो. लाकडात रुतलेला स्क्रू हा पहिला, बटणाला धरणारं लॉक हा दुसरा, आणि लॉक जिथे स्ट्रॅपला आवळलेलं असतं तो तिसरा. पैसे आपण मधल्या जोडावर खर्च करतो. बेस पडतो तो बहुतेक वेळा पहिल्या किंवा तिसऱ्या जोडामुळे. म्हणून पुढचा सगळा क्रम त्या हिशेबानं लावलाय.

साधं बटण सुटतं कसं

नव्याने वाजवणाऱ्यांना वाटतं, बेस जड असतो म्हणून स्ट्रॅप निसटतो. जड तर तो असतोच. साधारण साडेतीन ते पाच किलो, त्यात ३४ इंच स्केलची (स्केल म्हणजे तारेची वाजणारी लांबी) लांब नेक आणि टोकाला तारा आवळायच्या मोठाल्या खुंट्या. पण वजन खाली ओढत असतं तोवर स्ट्रॅप ताणलेला राहतो, आणि ताणलेला स्ट्रॅप बटणाच्या गळ्यात नीट बसून असतो. धोका असतो तो ताण सुटतो त्या क्षणी. तुम्ही अँपचा नॉब फिरवायला वाकता, बेस मांडीवर टेकतो, स्ट्रॅप सैल पडतो, त्याचं टोक बटणावर जरा तिरकं होतं. मग सरळ उभे राहता, ताण परत येतो, पण आता बटणाच्या गळ्यावर येण्याऐवजी टोपीच्या कडेवर येतो. पुढचं सांगायला नको. माझं असंच झालं होतं, बरोबर नॉब फिरवतानाच. बेस गुडघ्यावर अडवला म्हणून वाचला, पण हेडस्टॉक, म्हणजे नेकचं खुंट्यांचं टोक, खुर्चीवर आपटला आणि ‘जी’ (G) तारेच्या खुंटीची दांडी वाकली.

जुना चामडी स्ट्रॅप असेल तर हे आणखी सहज होतं. नव्या स्ट्रॅपचं भोक बटणावरून सरकवताना बोटं दुखतात. दोन वर्षांनी तेच भोक मऊ, लांबट आणि ऐसपैस झालेलं असतं. तुमचा स्ट्रॅप एका बोटानं बटणावरून काढता येत असेल, तर लॉकचा विचार आजच करा.

पहिलं काम: काहीही विकत न घेता बेस उलटून बघा

बेस पलंगावर पालथा ठेवा आणि दोन्ही बटणं चिमटीत धरून हलवा. फिरवू नका, वर-खाली हलवा. जराही हालचाल जाणवली तर स्क्रू सैल आहे किंवा आतले आटे गेलेत. मग स्क्रू-ड्रायव्हरनं अलगद आवळा. घट्ट होऊन थांबला तर उत्तम. थांबतच नाही, गोल गोल फिरत राहतो, असं असेल तर भोक दुरुस्त केल्याशिवाय कुठलंही लॉक बसवायचं नाही. दुरुस्ती सोपी आहे, ती पुढे येईलच.

बटणं कुठे आहेत तेही बघा. नेहमीच्या आकाराच्या बेसमध्ये एक वरच्या शिंगाच्या (बॉडीचा नेककडे पुढे आलेला भाग) टोकाला आणि दुसरं बॉडीच्या तळाशी असतं. फेंडरनं १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला तेव्हापासूनची ही जागा, आणि लॉकसाठीही तीच सर्वांत सोयीची. पण काही बेसमध्ये पुढचं बटण बॉडीच्या मागच्या बाजूला, नेक जिथे जोडली जाते त्या टाचेपाशी असतं. तिथे लॉक आपल्या बरगड्यांकडे तोंड करून बसतं. जाडजूड लॉक टोचतं, आणि स्ट्रॅप बटणाला कडेनं न ओढता उपसल्यासारखं ओढतो. अशा बेससाठी बुटकं लॉक घ्यावं आणि स्क्रूकडे दुप्पट लक्ष द्यावं.

अकूस्टिक बेस असेल तर तळाचं बटण निरखून बघा. पुष्कळदा ते बटण नसतंच, केबल लावायचा जाड जॅक असतो. त्यावर नेहमीचं स्क्रूवालं लॉक बसत नाही. डॅडॅरिओचं ‘सिंच फिट’ अशा जॅकसाठीच बनवलेलं आहे. पुढचं बरंचसं वर्णन तुमच्या कामाचं नाही, पण स्ट्रॅपची तपासणी तुम्हालाही लागू आहे.

आता स्ट्रॅप. त्याच्या टोकाची जाडी मोजा. ही पायरी सगळे गाळतात आणि मग लॉक परत करायला जातात. बेससाठी आपण रुंद, तीन इंची, गादीवाले स्ट्रॅप घेतो आणि त्यांच्या टोकाला कधी चामड्याचे दोन थर शिवलेले असतात. स्ट्रॅपच्या भोकातून जाणारी लॉकची दांडी मात्र ठरावीक लांबीची असते. टोक फार जाड असेल तर दांडीचे आटे चामड्यातच बुडतात आणि नट दोनच आट्यांवर टेकतो. असा नट सुटणार म्हणजे सुटणारच. साधी नायलॉनची पट्टी आणि पातळ चामडी टोकं असतील तर ही काळजी नको. जाड टोकांसाठी लांब दांडीचे प्रकार मिळतात. घेताना तेवढं विचारून घ्या.

रबरी चकती पुरेल का?

घरी सराव, महिन्यातून एखादा कार्यक्रम, उड्या मारायचा स्वभाव नाही, असं असेल तर बऱ्याचदा पुरते. ग्रोल्श नावाच्या डच बिअरच्या बाटलीला तारेनं उघडणारं झाकण असतं आणि त्या झाकणाखाली जाडसर रबरी वॉशर. गिटारवाल्यांनी केव्हाच ओळखलं की स्ट्रॅप बटणावर चढवून वरून हा वॉशर ताणून बसवला की स्ट्रॅप निसटत नाही. आता गिटार कंपन्याही अशाच चकत्या विकतात. स्क्रू काढायचा नाही, भोक पाडायचं नाही, आवाज होत नाही. मी स्वतः केबलच्या पिशवीत चार चकत्या कायम ठेवतो, दुसऱ्याचा बेस हातात घ्यायची वेळ आली तर.

उणिवा दोन आहेत. रबर कडक होतं, त्याला चिरा पडतात, आणि हे हळूहळू होत असल्यानं लक्षात येत नाही. दुसरं म्हणजे दर वेळी स्ट्रॅप काढायचा तर नखांशी झटापट. म्हणून लोक स्ट्रॅप काढतच नाहीत आणि बेस स्ट्रॅपसकट बॅगेत कोंबतात.

ह्याच घरातला थोडा पुढचा प्रकार म्हणजे असलेल्या बटणावरच वरून चिमटा बसवणारी प्लास्टिकची लॉक्स, उदाहरणार्थ डनलॉपचं ‘एर्गो लॉक’. वापरायला झकास. फक्त तुमच्या बटणाच्या टोपीवर ते नीट बसतंय का ते आधी लावून बघा.

खरी लॉक्स: तीन घराणी

पहिलं शॅलरचं. नवं बटण बेसवर स्क्रूनं बसतं आणि स्ट्रॅपला घोड्याच्या नालेसारखा एक धातूचा तुकडा बसतो. नाल बटणाच्या गळ्यावर सरकते आणि मधली स्प्रिंगवाली पिन बटणाच्या खळग्यात शिरते. काढायचं तर मागची गुंडी बाहेर ओढायची. ह्याची मोठी खुबी अशी की नाल नीट बसवली तर भार नालेवर येतो, पिन फक्त राखण करते. स्प्रिंग दगावली तरी बेस लगेच खाली येत नाही. दुखणं तिसऱ्या जोडाचं: जुन्या प्रकारात नाल स्ट्रॅपला साध्या नटानं आवळलेली असते, आणि वाजवता वाजवता नट ढिला होतो. कंपनीच्या नव्या ‘एस-लॉक’मध्ये नटाच्या जागी खाचांचं चाक आहे आणि त्याला जागेवर धरणारा बारीक स्क्रू आहे. दोन्ही समोर असतील तर डोळे मिटून नवं घ्या.

दुसरं डनलॉपचं ‘स्ट्रॅपलॉक’. ह्यात बटणाच्या पोटात खोलगट भोक असतं. स्ट्रॅपवरच्या तुकड्याची दांडी त्यात शिरते आणि दांडीतले बारीक छर्रे आतल्या खाचेत अडकतात. सोडवायचं तर मधलं बोंड अंगठ्यानं दाबायचं. स्ट्रॅप बटणाभोवती मोकळा फिरतो, त्यामुळे पीळ पडत नाही. स्ट्रॅपच्या बाजूला नट नसतो, सी आकाराची स्प्रिंगची कडी खाचेत बसते. म्हणजे ढिलं पडायला काही नाही, पण ती कडी बसवताना पक्कड हातातून सटकते आणि कडी खोलीच्या दुसऱ्या टोकाला उडते. कपड्याखाली धरून बसवा, माझं ऐका. ह्याचा ‘ड्युअल डिझाइन’ प्रकार घेतला तर त्याच बटणावर साधा स्ट्रॅपही चालतो. दुसरा एक प्रकार बॉडीत खड्डा पाडून बसतो. तो दिसतो देखणा, पण पहिल्यांदाच करणाऱ्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

तिसरं लॉक्स (Loxx) नावाचं जर्मन लॉक. गाड्यांची आणि होड्यांची कापडी आच्छादनं अडकवायला जे बटण वापरतात त्याच जातीचं. बेसवर छोटंसं बोंड, स्ट्रॅपवर टोपी. खालून ओढाल तितकी पकड घट्ट होते, वरची गुंडी उचलली की लगेच सुटतं. हे बरंच बुटकं असतं. पण त्याच्या बोंडावर साधा स्ट्रॅप अडकवायच्या भानगडीत पडू नये.

लॉकच नको म्हणणाऱ्यांसाठी डिमार्झिओचा ‘क्लिपलॉक’ स्ट्रॅप आहे. त्यात स्ट्रॅपची दोन शेपटं बेसला कायमची स्क्रूनं बसवतात आणि मधला भाग प्लास्टिकच्या बकलांनी जोडला जातो. स्ट्रॅप निसटायचा प्रश्नच मिटतो. बेस कोपऱ्यात ठेवला की ती दोन शेपटं मात्र लोंबताना दिसतात, आणि काहींना ते सहन होत नाही. मला होत नाही.

मग घ्यायचं कोणतं

तुमच्याकडे दोन-तीन वाद्यं असतील किंवा पुढे होणार असतील तर सर्वांत महत्त्वाचं हे: सगळ्यांवर एकाच घराण्याची बटणं लावा. शॅलरची नाल डनलॉपच्या बटणावर बसत नाही आणि डनलॉपची दांडी शॅलरच्या बटणात जात नाही. सुटी बटणं वेगळी मिळतात, त्यामुळे एकच चांगला स्ट्रॅप सगळीकडे फिरवता येतो. नकला स्वस्त असतात आणि दिसतात तशाच, पण माप केसभर इकडे-तिकडे असतं. एकाचं लॉक आणि दुसऱ्याचं बटण अशी खिचडी करू नका, दोन्ही भाग एकाच पाकिटातले असू देत. बेस आधीच लॉकसकट आला असेल (वॉर्विकसारखे काही बेस तसे येतात) तर पाकिटातले तुकडे शोधा. बटणं बेसवर असतात, स्ट्रॅपचे तुकडे खोक्यात विसरलेले.

एकच बेस आणि मध्यम जाडीचा स्ट्रॅप असलेल्या नवख्याला मी डनलॉपचा ड्युअल प्रकार सुचवतो. नट बघत बसावं लागत नाही आणि लॉक उलटं बसवायची सोय नाही, त्यामुळे चुकायला जागा कमी. जड पाच तारांचा बेस आणि भरपूर हालचाल असेल तर शॅलरचं नवं, कारण भार नालेवर येतो ही गोष्ट मला शांत झोप देते. ही माझी आवड झाली. उलट मत असणारे चांगले बेसवादक मला माहीत आहेत आणि त्यांचेही बेस पडलेले नाहीत.

जुना स्क्रू काढा, नव्याशेजारी ठेवा

दोन्ही स्क्रू टेबलावर शेजारी ठेवा आणि तीन गोष्टी बघा. आधी लांबी: फेंडरच्या बटणांचा स्क्रू साधारण २५ मिलिमीटर लांब आणि ३.५ मिलिमीटर जाड असतो. नवा त्याहून आखूड असेल तर तो पाकिटात परत टाका. मग जाडी: नवा स्क्रू बारीक असेल तर जुन्या भोकात तो नुसता तरंगेल. जाड असेल तर भोक मोठं न करता दामटल्यास लाकूड चिरेल, विशेषतः शिंगाच्या टोकाशी, कारण तिथे लाकूड थोडंच असतं.

तिसरी गोष्ट डोक्याची. लॉकची दांडी किंवा पिन बटणाच्या ज्या खळग्यात शिरते, त्याच खळग्याच्या तळाशी स्क्रूचं डोकं बसलेलं असतं. तुम्ही हुशारीनं मोठ्या डोक्याचा दणकट स्क्रू वापरला आणि ते डोकं तळापर्यंत गेलं नाही, तर पिन पूर्ण आत जात नाही. बाहेरून लॉक लागल्यासारखं दिसतं. ‘टक्’ असा आवाज येत नाही, एवढीच खूण. म्हणून दुसरा स्क्रू वापरायचाच असेल तर आधी तो बटणात घालून लॉक लावून बघा, बेसपासून लांब, हातात धरून.

इथे एक गोष्ट सांगतो जी मला उशिरा कळली. बेसच्या बॉडीतल्या लाकडाचे तंतू बहुतेक वेळा नेकच्या दिशेनं लांब धावतात. तळाचा स्क्रू त्याच दिशेनं आत जातो, म्हणजे तंतूंना छेद न देता त्यांच्या मधून. असा स्क्रू आडव्या तंतूंत गेलेल्या स्क्रूपेक्षा कमी धरतो. त्यातून बॉडी बासवूडसारख्या मऊ लाकडाची असेल तर पकड आणखी कमी. मित्राचा तळाचाच स्क्रू उपसला गेला ह्यात नवल नव्हतं. म्हणून तळाला जरा लांब, ३० मिलिमीटरच्या आसपासचा स्क्रू मिळाला तर चांगलं. मात्र आत नॉब-वायरिंगचा कप्पा किंवा जॅकची पोकळी किती जवळ आहे ते मागची पट्टी उघडून आधी बघा.

भोक सैल असेल तर

ही दुरुस्ती अर्ध्या तासाची, वाट बघणं एका दिवसाचं. दात कोरायच्या लाकडी काड्या घ्या, किंवा आगकाड्या गूल तोडून. भोकात लाकडाचा पांढरा गोंद एका काडीनं आत फिरवून लावा. मग गोंदात बुडवलेल्या काड्या एकेक करत भोक गच्च होईपर्यंत भरा. शेवटची काडी थोडी ठोकावी लागली पाहिजे. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्यानं ताबडतोब पुसा, वाळला की फिनिशवर (बॉडीच्या पॉलिशवर) डाग राहतो. २४ तास हात लावू नका. मग धारदार पात्यानं काड्या बॉडीच्या पातळीला कापा.

भोक फारच फाटलं असेल, लाकडाचा तुकडाच उडाला असेल, तर काड्या पुरत नाहीत. ६ मिलिमीटरच्या ड्रिलनं भोक सरळ करून त्यात कठीण लाकडाची गोल खुंटी गोंदानं ठोकावी लागते. हातात ड्रिल धरायची सवय नसेल तर हे काम गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे द्या, ह्यात कमीपणा नाही. मित्रानं तेच केलं.

दुरुस्तीनंतर नव्या स्क्रूसाठी आधी बारीक भोक पाडायचं. ३.५ मिलिमीटरच्या स्क्रूला मऊ लाकडात साधारण २.४ आणि कठीण लाकडात २.८ मिलिमीटरचा बिट चालतो. स्क्रू आणि बिट उजेडात एकमेकांसमोर धरा. बिटाच्या दोन्ही बाजूंनी स्क्रूचे आटे दिसले पाहिजेत, मधला दांडा बिटामागे लपला पाहिजे. बिटावर हव्या त्या खोलीला चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळा, म्हणजे खोलीचा अंदाज चुकणार नाही. फिनिश उडू नये म्हणून भोकाभोवतीही चिकटपट्टी लावा.

बटण बसवणं

स्क्रूच्या आट्यांवर मेणबत्ती घासा. स्क्रू गोडीगुलाबीनं आत जातो आणि डोक्याची खाच झिजत नाही. बटण आणि बॉडी ह्यांच्यामध्ये जुना फेल्टचा वॉशर होता तसाच परत ठेवा. नसला तर नवा घाला, नाहीतर धातू फिनिशवर गोल ओरखडा काढतो. स्क्रू-ड्रायव्हर खाचेत बरोबर बसणारा हवा आणि काम हातानंच करायचं. यंत्रानं स्क्रू मारायला गेलं तर एका सेकंदात आटे जातात किंवा डोकं तुटतं. तुटलेला स्क्रू कठीण लाकडातून बाहेर काढणं हा एक वेगळाच रविवार असतो.

बटण हाताला हलेनासं झालं की थांबा. त्यापुढचा अर्धा फेरा फुशारकीचा असतो आणि तोच नुकसान करतो.

स्ट्रॅपचा तुकडा बसवणं

तिसरा जोड. स्ट्रॅपच्या भोकातून दांडी घालताना भोक लहान वाटलं तर कात्रीनं कापू नका. कापलेली कड पुढे फाटत जाते. चामड्याला गोल भोक पाडायचा पंच वापरा, किंवा दांडी हळूहळू फिरवत घाला, चामडं स्वतःहून जागा देतं. वॉशर दिला असेल तर तो चामडं आणि नट ह्यांच्या मध्येच.

नालेचं लॉक असेल तर तिचं तोंड कुठे आहे ह्यावर सगळं अवलंबून. बटणापासून स्ट्रॅप ज्या दिशेनं खांद्याकडे जातो, नालेचं उघडं तोंड त्या दिशेला हवं. मग बेस लोंबला की बटण नालेच्या बंद बुडाशी येऊन टेकतं. उलटं बसवलं तर बटण उघड्या तोंडाकडे ओढलं जातं आणि सगळा भार त्या इवल्याशा पिनेवर पडतो. खात्री करायची असेल तर पलंगाजवळ बसून बेस अलगद लोंबू द्या आणि पिनेची गुंडी बाहेर ओढून धरा. तरीही बेस नालेत टेकून राहिला तर दिशा बरोबर.

साधा नट असेल तर तो योग्य मापाच्या पान्यानं आवळा. पकडीनं त्याचे कोपरे झिजतात. आट्यांवर मध्यम ताकदीच्या निळ्या थ्रेडलॉकरचा एक थेंब टाका, म्हणजे नट थरथरीनं सुटत नाही आणि हवा तेव्हा पान्यानं काढताही येतो. लाल मात्र नको, तो कायमचा धरून बसतो. हे काम स्ट्रॅप बेसपासून लांब ठेवून करा, कारण हा द्रव काही प्लास्टिक आणि फिनिश खराब करतो. तो नसेल तर घरातल्या नेलपॉलिशचा थेंबही बराच काळ काम देतो. माझ्या एका नटावर गेली काही वर्षं गुलाबी ठिपका आहे. त्याचा आणखी एक फायदा: ठिपक्याला तडा दिसला की नट हललाय हे लगेच कळतं.

पहिली चाचणी

पलंगासमोर उभे राहा, म्हणजे काही चुकलं तर बेस गादीवर पडेल. दोन्ही टोकं लावा, प्रत्येक वेळी ‘टक्’ ऐका, आणि लावल्यावर लॉक बाहेरच्या दिशेला ओढून बघा. ही ओढून बघायची सवय आयुष्यभर ठेवा. डनलॉपच्या लॉकमध्ये दांडी अर्धवट आत जाऊन थांबू शकते आणि हलक्या हाताला ती लागल्यासारखीच वाटते. मग वाका, वळा, हेडस्टॉक वर करा, बेस पाठीमागे ढकला. काही मिनिटांनी पुन्हा दोन्ही बटणं चिमटीत धरून हलवून बघा.

कुरकुर ऐकू आली तर घाबरू नका. धातूवर धातू घासतो, दोन-चार दिवसांत कमी होते. नाहीच झाली तर पिनेवर ग्रीसचा कण पुरतो. तेल उडवू नका, ते वाहत जाऊन चामड्यात आणि स्क्रूच्या भोकात शिरतं.

त्यानंतर तारा बदलायला बेस आडवा ठेवाल तेव्हा बटणं, नट आणि स्ट्रॅपचं भोक ह्यांच्यावर नजर टाकायची. बस्स. माझ्या दोन लॉक्सपैकी खालच्याचाच नट दर वेळी थोडा फिरलेला सापडतो.

राहता राहिली बॅग. लॉक असल्यावर स्ट्रॅप लावून बेस बॅगेत घालायचं कारणच उरत नाही. काढा आणि बाहेरच्या खिशात टाका, नाहीतर धातूचं लॉक प्रवासभर फिनिशवर ठोके मारतं. कडक खोका असेल तर नवं बटण जुन्यापेक्षा उंच असल्यानं झाकण बंद होताना दाब येत नाही ना, तेही बघा. आणि स्ट्रॅप असा सहज निघायला लागला की एक नवीनच घोळ सुरू होतो: बेस कार्यक्रमाला पोचतो, स्ट्रॅप घरच्या खुर्चीवर राहतो. आमच्याकडे हे दोनदा झालंय. दुसऱ्यांदा बटण साधा स्ट्रॅप घेणारं होतं, कुणीतरी आपला जुना नायलॉनचा दिला, त्यावर पिशवीतल्या दोन रबरी चकत्या चढवल्या आणि कार्यक्रम झाला. पहिल्यांदा तसं बटण नव्हतं. मी पूर्ण वेळ स्टुलावर बसून वाजवलं.